बाबांची पांढरी गोळी

«ताई, माझे सासरे ७२ वर्षांचे, वीज मंडळातून निवृत्त. बीपी आहे, साखर नाही. दीड वर्षापासून आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू आहे. फॉस्फरस आधी ६.८ आला, आता ७.४. डॉक्टर घाईघाईत म्हणाले, 'खाण्यातला फॉस्फरस कमी करा.' मी मोबाइलवर याद्या शोधून डाळ, दही, शेंगदाणे, पनीर सगळं बंद केलं. दूध फक्त रात्रीच्या गोळीपुरतं एक पेला ठेवलंय. हाडांसाठीची ती कॅल्शियमची गोळी मी न चुकता देते. दिवसाला तीन लिहिल्यात, पण बाबांना बद्धकोष्ठ होतं म्हणून एकच. आता बाबा पोळी, दुधी आणि चहा-टोस्टवर आहेत. वजन चार किलोंनी उतरून ५६ झालं, रात्रभर पाठ खाजवतात, आणि फॉस्फरस उतरायचा सोडून चढलाच. सासूबाई म्हणतात कोहळ्याचा रस दे. बाबांचा हट्ट वेगळाच, 'मला एकदा सराफ्यातल्या खाऊगल्लीत घेऊन चला.' माझं चुकतंय कुठे? – एक सून, रामबाग, इंदूर»

सूनबाई, गोळ्यांच्या स्ट्रिपचा फोटो सोबत जोडलात ते फार बरं केलंत. तो मोठा करून पाहिला आणि तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथंच सापडलं. स्ट्रिपवर लिहिलंय कॅल्शियम ॲसिटेट, ६६७ मि.ग्रॅ. नावात कॅल्शियम आहे, त्यामुळे ती हाडांची गोळी असं घरोघरी समजतात, आणि हाडांची म्हटली की रात्री दुधाबरोबर द्यायची हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही.

पण बाबांना ती दिलीय ती फॉस्फरस धरून ठेवायला. तिचं काम पोटात चालतं. अन्न पोटात असताना ती तिथं पोचली, तर अन्नातल्या फॉस्फरसला चिकटते आणि त्याला घेऊन शौचावाटे बाहेर पडते. पोट रिकामं असेल तर धरायला काहीच नसतं, मग तिच्यातलं कॅल्शियम तेवढं रक्तात जातं, जे बाबांना नकोच आहे. आता तुमच्या रात्रीच्या पेल्याचा हिशेब मांडू. अशी एक गोळी साधारण ३० मि.ग्रॅ. फॉस्फरस धरते. दोनशे मिलिलीटर दुधात फॉस्फरस असतो २०० मि.ग्रॅ.च्या आसपास. म्हणजे चोर पकडायला एक शिपाई पाठवला आणि त्याच्याबरोबर सहा-सात चोर आपणच घरात घेतले. दुपारच्या नि रात्रीच्या जेवणाला मात्र पहारा शून्य.

म्हणून पहिला बदल आजपासून. डॉक्टरांनी तीन लिहिल्यात ना, त्या तीन जेवणांच्या तीन. पान वाढलं की गोळी ताटात, लिंबाच्या फोडीशेजारी. दोन-चार घास झाले की गोळी, मग उरलेलं जेवण. बाबा एखाद्या वेळी जेवलेच नाहीत तर त्या वेळची गोळीही नाही. जेवून दोन तास झाल्यावर आठवली तर ती तशीच नंतर गिळण्यात काही अर्थ नाही, सोडून द्या. एखाद्या जेवणाला एकीऐवजी दोन लागतील का, हे डॉक्टरांना विचारून ठरवा. ज्या जेवणात डाळ-दही जास्त, तिथं गोळी जास्त असा साधा तर्क असतो, पण आकडा त्यांनीच सांगायचा. बाबांना थायरॉईडची गोळी किंवा एखादं अँटिबायोटिक चालू असेल तर तेही सांगा. ही गोळी त्यांनाही चिकटते, म्हणून वेळा लांब ठेवाव्या लागतात.

आता बद्धकोष्ठ. ही तक्रार खरी आहे, आणि तुम्ही दोन गोळ्या का गाळल्यात तेही कळतं. पण गोळी गाळण्याऐवजी डॉक्टरांकडून पोट साफ होण्याचं औषध मागून घ्या. इसबगोल मनानं सुरू करू नका, त्याला पाणी भरपूर लागतं आणि बाबांचं पाणी मोजून आहे. आणि एक गोष्ट लाल शाईनं लिहून ठेवा: मेडिकलमधून तयार एनिमा आणायची वेळ आलीच, तर त्यात सोडियम फॉस्फेट नाही ना ते वाचा. किडनीच्या माणसाला तो एनिमा धोक्याचा आहे. आपण तोंडावाटे थेंब-थेंब अडवायचं आणि तिकडून बादली ओतायची, असं व्हायचं.

मुळात हा फॉस्फरस जातो कुठे, ते थोडक्यात सांगते. १६६९ साली हँबर्गच्या हेनिग ब्रांड नावाच्या किमयागारानं सोनं मिळेल या आशेनं लघवी आटवली आणि त्याच्या हाती अंधारात चमकणारा फॉस्फरस आला. सोनं काही मिळालं नाही, पण किडनी रोज काय बाहेर टाकते ते कळायला हा किस्सा मला फार आवडतो. बाबांच्या किडन्यांनी ते काम सोडलंय. रक्तात साधारण २.५ ते ४.५ असायला हवा तो फॉस्फरस ७ वर गेला की गळ्यातल्या पॅराथायरॉईड नावाच्या चार इवल्या ग्रंथी चेकाळतात आणि हाडांतून कॅल्शियम ओढून काढतात. हाडं ठिसूळ होतात, आणि ते कॅल्शियम-फॉस्फरस जाऊन बसतं रक्तवाहिन्यांच्या भिंतींत. बोरिंगच्या पाण्यानं गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो ना, तसं. नर्मदेचं पाणी येत नाही त्या कॉलनीतल्या लोकांना हे जास्त समजावून सांगावं लागत नाही. हृदयाला भीती आहे ती या थराची. रोज काही दुखत नाही, म्हणूनच त्याच्याकडे लक्ष जात नाही.

डायलिसिस तो काढत नाही का? काढतं, पण पुरतं नाही. चार तासांच्या एका बैठकीत साधारण ८०० मि.ग्रॅ.च्या आसपास निघतो, म्हणजे दोन बैठकांत आठवड्याला १६००. माणूस बेताचं खाऊनही दिवसाला ९०० मि.ग्रॅ. घेतो, त्यातला निम्म्याहून थोडा जास्त रक्तात शोषला जातो. रोजचे ५०० धरले तरी आठवड्याचे ३५०० झाले. जमा ३५००, खर्च १६००. बाबा वीज मंडळात होते, त्यांना हे खातं दाखवा, लगेच पटेल. उरलेलं गोळीनं आणि ताटानं सांभाळायचं. किंवा तिसरी बैठक. ती शक्य आहे का, हे डॉक्टरांना सरळ विचारा. पैशासाठी अडत असेल तर बाबा सत्तरीच्या पुढचे आहेत, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येईल. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या सगळ्यांना, उत्पन्नाची अट न लावता, वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी ते मिळतं. तुमच्या डायलिसिस केंद्रात ते चालतं का, तेवढं काउंटरवर विचारून घ्या.

आता ताट. इथं मला माझीच एक चूक सांगायचीय. आहारतज्ज्ञ म्हणून नवीन होते तेव्हा मी रुग्णांना छापील तक्ता द्यायची. 'टाळा' या रकान्यात पंचवीस-तीस पदार्थ. परदेशीपुऱ्याच्या एका काकांनी तो तक्ता देवघराशेजारी चिकटवला आणि अक्षरशः पाळला. दोन महिन्यांनी आले तेव्हा शर्टाची कॉलर गळ्याभोवती फिरत होती. फॉस्फरस थोडा उतरला होता, पण त्यांच्या रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाचा आकडा पाहून डॉक्टरांनी माझ्याकडे जे पाहिलं, ते अजून विसरले नाही. त्या दिवसापासून छापील तक्ता बंद.

तुमच्याकडे तेच चाललंय. डायलिसिसवरच्या माणसाला किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं रोज लागतात, कारण डायलिसिसमध्ये थोडी वाहूनही जातात. बाबांच्या ५६ किलोंना साठ ग्रॅमच्या आसपास. पोळी, दुधी आणि टोस्टमधून त्याच्या निम्मीही जात नसतील. उपाशी शरीर मग स्वतःचेच स्नायू मोडून खातं, आणि स्नायूंतला फॉस्फरस रक्तात येतो. डाळ बंद करूनही आकडा चढला, त्यात याचाही वाटा असणार.

तेव्हा डाळ परत आणा. वनस्पतींमधला फॉस्फरस फायटेटच्या रूपात बांधलेला असतो आणि आपल्या आतड्यांना तो नीट सोडवता येत नाही. निम्मा किंवा त्याहून कमीच शोषला जातो. दुधा-मांसातला त्याहून जास्त. २०११ साली अमेरिकेत किडनीच्या नऊ रुग्णांवर एक छोटा प्रयोग झाला. एक आठवडा शाकाहारी जेवण, एक आठवडा मांस-दुधाचं, फॉस्फरस दोन्हीत जवळपास सारखाच. शाकाहाराच्या आठवड्यात रक्तातला फॉस्फरस कमी भरला. नऊ माणसं म्हणजे काही फार नाहीत, आणि ती डायलिसिसवरचीही नव्हती, पण मोबाइलवरच्या याद्यांत वरण आणि चीज एकाच रकान्यात बसवतात त्याला हे उत्तर पुरे आहे.

तुरीची किंवा मुगाची डाळ दोन-तीन तास भिजवा, ते पाणी ओता, भरपूर ताज्या पाण्यात उकळा, वरचं पाणी काढून टाका, मग घोटून हिंग-हळदीचं वरण करा. यानं पोटॅशियमही उतरतं, बाबांना तेही पाहायचंय. दुपारी एक मध्यम वाटी, रात्री एक. दही अर्धी वाटी दुपारी, गोळीच्या पहाऱ्यात. दूध चहापुरतं. घरी दूध फाडून केलेलं ताजं पनीर आठवड्यातून दोनदा चालेल, प्रथिनांच्या मानानं ते दुधापेक्षा बरं पडतं. पाकिटातलं चीज नको, चौकोनी तुकड्यांतलंही नको.

आणि अंडं. पत्रात उल्लेख नाही, म्हणजे घरात येत नसावं असा अंदाज. पण बाबांनी नोकरीच्या काळात दौऱ्यांवर ऑम्लेट खाल्लेलं असतं, हे त्यांना एकटं गाठून विचारा. अंड्यातला फॉस्फरस जवळजवळ सगळा पिवळ्या बलकात असतो. पांढरा भाग म्हणजे शुद्ध प्रथिनं, फॉस्फरस नावापुरता. रोज दोन पांढरे बलक मिळाले तर सात ग्रॅम प्रथिनांची सोय झाली. भांडं वेगळं, गॅस गॅलरीतला, सासूबाईंना सांगायची जबाबदारी मुलावर. इंदुरातल्या बऱ्याच मराठी घरांत ही गॅलरीची व्यवस्था मी स्वतः पाहिलीय, उगाच लाजू नका.

आता टोस्ट. मला खरी चीड आहे ती इथं. तुम्ही शेंगदाणे काढलेत, पनीर काढलंत, आणि ज्याच्याकडे यादीत कुणाचं लक्ष गेलं नाही तेच ताटात राहिलं. पदार्थ फुलावा, टिकावा, गुळगुळीत राहावा म्हणून कारखान्यात जे फॉस्फेटचे क्षार घालतात ते कशालाही बांधलेले नसतात. पोटात गेले की जवळजवळ सगळेच्या सगळे रक्तात. एक काम करा. बाबांचा जाडा चष्मा लावा आणि घरातली सगळी पाकिटं उलटी करून ओट्यावर मांडा. मागच्या बाजूला मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरात घटक लिहिलेले असतात. फॉस्फरस किती, हे छापायचं बंधन नाही, त्यामुळे तो शब्द शोधत बसू नका, आकडे शोधा: ३३८ ते ३४१, ३४३, आणि ४५० ते ४५२. 'रेझिंग एजंट', 'ॲसिडिटी रेग्युलेटर', 'इमल्सिफायर' असल्या नावांपुढे कंसात ते बसलेले असतात. ज्या पाकिटावर यांतला एकही दिसला ते बाबांच्या डब्यातून बाद. काळा कोला, इन्स्टंट नूडल्स, केकची तयार पिठं, प्रोसेस्ड चीज इथं ते बहुतेक भेटतात. बिस्किटांत काहींत असतात, काहींत नसतात. बेकरीतल्या सुट्या टोस्टवर तर लेबलच नाही, त्यामुळे तो माझ्या हिशेबी संशयितच. आणि भेटायला येणारे पाहुणे प्रेमानं शक्तीच्या पावडरीचा डबा आणतात ना, त्याचे आभार मानायचे आणि डबा शेजारच्या पोरांना द्यायचा. दुधाची भुकटी, वरून घातलेले क्षार, दोन्ही त्यात असतं.

चहाबरोबर मग काय? परमल, म्हणजे चुरमुरे. घरी तेल-मोहरीच्या फोडणीत परतलेले, मीठ अगदी चिमूट. सकाळी पोहे, तेही चालतील, तांदळाचा फॉस्फरस तसा कमीच. वरून शेव घातल्याशिवाय इंदुरी माणसाला पोहे पोहे वाटत नाहीत, हे मला माहीत आहे. शेव मी पूर्ण बंद करत नाही, तीन बोटांच्या चिमटीत येईल तेवढी घाला. तिच्यात फॉस्फरसपेक्षा मिठाचा त्रास मोठा. पोह्यांवर भुरभुरायच्या जीरावन मसाल्याचंही तसंच. मीठ वाढलं की तहान वाढते, आणि दोन डायलिसिसमधलं वजन फुगतं. उपवासाचं विसरू नका. साबुदाणा जवळजवळ नुसता स्टार्च, त्यात फॉस्फरस नगण्य, पण खिचडीतलं दाण्याचं कूट मूठभर गेलं की सगळा हिशेब फिरला. कूट चमचाभर, बाकी ओलं खोबरं थोडंसं, आणि बटाटा नको.

कोहळ्याचा रस नको. तो फॉस्फरस कमी करत नाही, आणि बाबांच्या मोजक्या पाण्यातला पेलाभर खाऊन टाकतो, वर पोटॅशियम देतो. सासूबाईंना हातात काहीतरी हवंय हे मला समजतं. त्यांना गोळीचं खातं द्या. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर प्रत्येक जेवणापुढे त्यांनी टिक करायची. नवऱ्याच्या ताटाकडे त्यांच्याइतकं बारीक लक्ष दुसऱ्या कुणाचं असणार नाही.

खाज फक्त फॉस्फरसची असते असं नाही. डायलिसिस कमी पडणं, कोरडी कातडी, पॅराथायरॉईड, सगळं मिळून असते. आंघोळ कोमट पाण्यानं, साबण कमी, अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल. पण कातडीवर कुठे काळपट, टणक, फार दुखणारा डाग उठला तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा फॉस्फरसबरोबर कॅल्शियम आणि पीटीएच (पॅराथायरॉईडचं संप्रेरक) हे दोन्ही आकडे मागा. तिन्ही एकत्र पाहिल्याशिवाय गोळी कुठली हे ठरत नाही. कॅल्शियम वर असेल किंवा रक्तवाहिन्यांत थर दिसत असेल, तर ते कॅल्शियम नसलेल्या गोळीवर, बहुधा सेव्हेलामरवर नेतील. ती महाग पडते, आणि अख्खी गिळायची असते, कुटून नाही. उलट तशीच दुसरी, लँथॅनमची गोळी, चावून खायची. व्हिटॅमिन डीची ताकदवान गोळी चालू असेल तर तेही सांगा, तिनं आतड्यातून फॉस्फरस जास्त शोषला जातो. रक्त डायलिसिसच्या आधी काढलं की नंतर, हे रिपोर्टवर लिहून ठेवत जा. नंतरचा आकडा खोटा दिलासा देतो, काही तासांत पेशींतून पुन्हा भरतो.

राहिला सराफा. न्या त्यांना. दीड वर्ष आठवड्यातून दोन दिवस खुर्चीला बांधलेला माणूस रात्री नऊ वाजता राजवाड्यामागच्या गल्लीत उभं राहायचं म्हणतोय, त्याला नाही म्हणू नका. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी न्या, त्या दिवशी अंगात त्राण असतं. रबडी, मावाबाटी, शिकंजी यांच्याकडे पाठ. तिथली शिकंजी म्हणजे लिंबाचं सरबत नव्हे, आटवलेलं दूध आहे हे तुम्हाला सांगायला नको. गराडू, म्हणजे तळलेला कंद, तोही नको, पोटॅशियममुळे. गरम जलेबीचं एक वेटोळं चालेल, साखर नाही म्हणून. आणि भुट्टे का कीस, म्हणजे किसलेला मका, दुधात शिजवलेला असला तरी चार चमचे, तुम्ही दोघांनी एका दोन्यातून. डॉक्टरांना विचारून त्या चार चमच्यांचीही एक गोळी ठरवून घ्या, आणि ती डबी तुमच्या पर्समध्ये नको, बाबांच्याच खिशात द्या.